चाळीस मिनिटं

पहाटे साडेपाचला मी नवव्या डेकवर येतो,
खुर्च्यांवरची खारट ओल फडक्याने टिपतो,
दोनशे बारा पाठी एका कोनात वाकवतो.
समुद्र तेव्हा कुणाचाच नसतो.
पावणेसहाला हानेलोर बाई येतात, बीलेफेल्डच्या,
अंगात आंघोळीचा झगा, छातीशी चार टॉवेल.
तलावाच्या कडेची पहिली रांग,
पत्ते वाटावेत तशा त्या टॉवेल टाकत जातात
आणि झोपायला परत.
तिसऱ्या टॉवेलवर कोण बसतं, मी पाहिलेलं नाही.
चौथ्यावरही.

फलकावर नियम चार भाषांत आहे:
चाळीस मिनिटं माणूस दिसला नाही
तर सामान उचलावं, खुर्ची मोकळी करावी.
उचलावं कुणी, ते लिहिलेलं नाही.
ते मी.

खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा.
वेळ लिहायची, टॉवेलच्या कोपऱ्याखाली सरकवायची,
मग दुसरी फेरी मारायची
वसुलीला आल्यासारखी, पण हसत.
हसणं करारात आहे. सातवं कलम.

दोन चपला म्हणजे विसरलेल्या चपला.
एकच चप्पल म्हणजे हक्क,
हे मला इथे कळलं.
चष्मा ठेवणारे भित्रे,
क्रीमची रिकामी बाटली ठेवणारे मुरलेले.
एक पुस्तक पालेर्मोपासून पालथं आहे, पान बावन्न.
व्हॅलेटा आलं तरी बावन्नच.

हलचे ट्रँटर साहेब काहीच ठेवत नाहीत.
रिकाम्या खुर्चीपाशी उभे राहतात, मनगट वर धरून.
‘एकोणचाळीस झाली, क्रिसांतो,’ म्हणतात,
जणू चाळिसावं मिनिट मी खिशात लपवलंय.

इलोइलोला आमच्या गल्लीत पाणी दोन तास यायचं.
आई रात्रीच नळापाशी बादलीने नंबर लावून यायची,
वाऱ्याने कलंडू नये म्हणून आत एक दगड.
पहाटेपर्यंत बादल्या रांगेत, माणसं घरी.
कुणी कुणाची बादली हलवली नाही.
एकदाच हलली, मिलाग्रोस मावशीची,
तीही पुढे,
तिच्या बाळाला ताप होता म्हणून.
मी टॉवेल उचलतो तेव्हा
खाली दगड आहे का, हात आपोआप चाचपतो.

सहाव्या दिवशी वारा फिरला.
रात्री दीडला आम्ही सहा जणांनी खुर्च्या एकावर एक रचल्या,
दोर घातले, ताडपत्री ओढली,
डेकच्या दाराला साखळी लावली, बंदची पाटी.
पावणेसहाला साखळीखालून वाकून
हानेलोर बाई आल्या.

समोर नुसती ओली फळी, उघडी.
त्या थांबल्या. मग तलावाच्या कोपऱ्यापासून
पावलं मोजली, एक, दोन, साडेतीन,
आणि जिथे त्यांची खुर्ची असते तिथे
जमिनीवर टॉवेल अंथरला.

वाऱ्याने तो घेतला.
चिठ्ठी नाही, चाळीस मिनिटं नाहीत.
कठड्यावर क्षणभर अडकला, मग खाली.
दुसराही सुटत होता.
त्याचं टोक धरलं ते ट्रँटर साहेबांनी;
हा माणूस एवढ्या पहाटे इथे कशाला आला होता
ते मी विचारलं नाही.
दोघं दोन टोकांना, झगे फडफडत,
चादरीची घडी घालतात तशी
जवळ आले, मागे गेले, जवळ आले.
घडी त्यांनी बाईंच्या हातात दिली.
गुड मॉर्निंगसुद्धा कुणी म्हणालं नाही.
मी साखळीपाशी उभा, हसायचं विसरलेला.

सातव्या दिवशी ऊन पडलं.
पावणेसहाला पहिल्या रांगेत तीन टॉवेल.
साडेसहाला ट्रँटर साहेब हजर, मनगट वर:
‘पंचेचाळीस झाली, क्रिसांतो.’
मी चिठ्ठी लिहिली, सरकवली, हसलो.
आणि संध्याकाळी खाली काउंटरवर जाऊन
हरवलेल्या एका टॉवेलचे पंचवीस युरो
बाईंच्या बिलात मीच चढवले.